सीलबंद पिशवीतला टी

माझ्या भावाला बाजारात सगळे थांबामास्तर म्हणतात. गाडी कितीही घाईची असो, मालक कितीही मोठा असो, तापलेलं इंजिन समोर आलं की हा बॉनेटवर तळहात ठेवतो आणि म्हणतो, थांबा. मग तास जातो, दीड तास जातो. माणसं चिडतात, घड्याळ दाखवतात, कुणाला तरी फोन लावून मुद्दाम मोठ्याने बोलतात. हा आपला स्टुलावर बसून हत्यारं पुसत राहतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर उडतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तरी दहातले आठ मेकॅनिक वर ओलं फडकं टाकून उघडतातच. माझ्या भावाने तीस वर्षांत एकदाही उघडलेलं नाही.

मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या शेडला लागूनच माझं दुकान आहे, गाड्यांची सीट कव्हरं आणि ताडपत्र्या शिवते. मधे नुसता पत्रा, त्यामुळे त्याच्याकडचं बोलणं मला ऐकू येतं आणि माझ्या मशिनची खडखड त्याला. तो मला मिरची म्हणतो. म्हणू दे. घरात एकजण इतका गार असला की दुसऱ्याला तापावंच लागतं, नाहीतर लोक डोक्यावर मिरे वाटतात. आज जे सांगणार आहे ते कुणाला सांगू नकोस, असं त्याने मला दोनदा बजावलंय. दोनदा ऐकलं त्याचं. आता पुरे झालं.

आधी तो टी काय ते समजून घ्या, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं. आमच्याकडे माल वाहायला बहुतेकांकडे एकाच जातीची पिकअप आहे. गाडी दणकट, भाराला वाघ. पण ज्या कुणा शहाण्याने ती बनवली, त्याने इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे सगळ्यात जास्त उष्णता कोंडते नेमकी तीच जागा बघून, कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, नळ्या जोडायला बोटभर लांबीचा प्लास्टिकचा टी बसवला, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड. तीनचार वर्षं तापून आणि निवून ते प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं. वरून बघाल तर काळंकुळकुळीत, ठणठणीत. आणि मग एक दिवस चढावर, गाडी भरलेली असताना, त्याची मान मोडते. दोन मिनिटांत सगळं कूलंट रस्त्यावर. पाणीच उरलं नाही की तापमानाचा काटा वर जायचा सोडून खाली येतो, कारण काट्याला खबर देणारा सेन्सर कोरडा पडलेला असतो. चालवणाऱ्याला वाटतं, चला, गाडी गार आहे. तो पाय दाबून ठेवतो आणि इंजिन आतल्या आत भाजून निघतं.

म्हणून भावाचा नियम होता, साठ हजार किलोमीटर झाले की टी बदलायचा. तडा दिसो न दिसो. त्याने एकदा लेथवाल्याकडून पितळेचा करून बघितला, पण नळीच्या तोंडाची क्लिप त्यावर धड बसेना, थेंब थेंब गळायला लागलं. मग परत प्लास्टिक, पण नवं आणि वेळेवर. काही गिऱ्हाईकं कुरकुर करायची, चांगला दिसतोय की, कशाला काढता. तेव्हा हा जुना टी त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, अंगठ्याने दाबा. कधी काहीच व्हायचं नाही, कधी कटकन तुकडा हातात यायचा आणि गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

त्याचं टी बदलणं मी इतक्या वेळा बघितलंय की मलाही जमेल. कूलंट भांड्यात काढून घ्यायचं. जुना टी हलक्या हाताने फिरवत काढायचा, कारण त्याचं तोंड मोडून नळीत अडकलं तर कोरत बसावं लागतं. भोक फडक्याने पुसायचं. नव्याच्या रबरी रिंगला कूलंटचं बोट लावायचं, कोरडी रिंग चिरते. मग टिक असा आवाज येईपर्यंत दाबायचं आणि आवाज आला तरी उलटं ओढून बघायचं. शेवटी गाडी सुरू करून, हीटर पूर्ण सोडून, झाकण उघडं ठेवून हवेचे बुडबुडे संपेपर्यंत उभं राहायचं. हे सगळं त्याला उस्तादांनी शिकवलं.

आता उस्ताद. नाव उच्चारताना माझी जीभ कडू होते, पण त्यांच्याशिवाय माझ्या भावाची गोष्ट सांगताच येणार नाही. भाऊ एकवीस वर्षांचा असताना ज्या छापखान्यात होता तो बंद पडला. वडील अंथरुणाला खिळलेले, मी शाळेत. तेव्हा उस्तादांनी त्याला आपल्या गॅरेजात घेतलं. हाताला धरून शिकवलं. वडील गेले त्या दिवशी उस्तादांनी गॅरेज बंद ठेवलं आणि दिवसभर आमच्या दारात बसून राहिले, एक शब्द न बोलता. भावाने स्वतःची शेड टाकली तेव्हा पहिला पाना त्यांच्या हातून फिरवून घेतला. माझ्या वहिनीला बघायला गेलो तेव्हा वडिलांच्या जागी तेच होते. तेव्हा मला सांगा, अशा माणसावर संशय कुणी घ्यायचा आणि कशासाठी?

उस्तादांच्या दोन सवयी भावाच्या अंगात मुरल्या होत्या. एक म्हणजे, बसवलेल्या प्रत्येक भागावर पांढऱ्या पेंटच्या पेनने तारीख आणि किलोमीटर लिहायचे. दुसरी जरा वेडेपणाची. काढलेला जुना भाग साबणाच्या गरम पाण्यात धुऊन, पुसून मगच भंगारात टाकायचा. आपल्या शेडमधून कचरासुद्धा स्वच्छ बाहेर पडला पाहिजे, असं उस्ताद म्हणायचे. बाकीचे मेकॅनिक यावर हसायचे. मी पण हसायचे. भांडी घासतोस तसे टी घासतोस, आता बाहेर वाळत घाल, असं चिडवायचे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

पाच वर्षांपूर्वी उस्तादांचे हात थरथरायला लागले. पाना हातात ठरेना. त्यांनी गॅरेज बंद केलं आणि काही महिने घरी बसले. मग स्कूटरवर एक पेटी बांधून छोटे छोटे सुटे भाग पुरवायला लागले: रिंगा, क्लिपा, नळ्या आणि हा टी. दर पंधरा दिवसांनी आमच्याकडे यायचे. भावाने टी दुसऱ्या कुणाकडून घेणं तेव्हापासून बंदच केलं. उस्तादांच्या पेटीतला माल सोडून दुकानातला घ्यायचा, हे त्याच्या मनालाही शिवलं नसतं. येताना ते सीलबंद पिशव्यांतले नवे टी आणायचे आणि जाताना भंगाराचा डबा रिकामा करून न्यायचे. एक ओळखीचा भंगारवाला प्लास्टिक वितळवायला घेतो म्हणायचे. एका हाताने न्यायचे आणि दुसऱ्या हाताने आणायचे. आमच्या डोळ्यांदेखत. आणि मी त्यांना बसायला खुर्ची पुसून द्यायचे.

भावाची गिऱ्हाईकं म्हणाल तर मुख्य ती रोपवाल्यांची. रोपवाटिकांच्या अकरा पिकअप आमच्याकडे यायच्या आणि त्या आल्या त्या एका बाईंच्या शब्दावर. त्यांना सगळे रोपवाल्या बाईच म्हणतात. पन्नाशीच्या असतील, स्वतः गाडी चालवतात, स्वतः कुंड्या उचलतात, बोलणं तोलूनमापून. भावाने शेड टाकली तेव्हा त्याच्याकडे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. या बाई आल्या, थांबा म्हटल्यावर खरंच थांबल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात आणखी दोघांना घेऊन आल्या. त्या अकरा गाड्या म्हणजे त्याची शेड. त्या गेल्या तर शेडमध्ये उरतो तो आणि त्याचं स्टूल.

मागच्या वर्षी एका मंगळवारी बाई भरलेली गाडी घेऊन घाट चढत होत्या. टी मोडला. काटा खाली आला, त्यांना वाटलं सगळं ठीक आहे. वरच्या वळणावर इंजिन एकदा ओरडलं आणि जागच्या जागी थिजलं. ब्रेकचा जोर कमी झाला, गाडी मागे घसरायला लागली. बाईंनी हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग डोंगराकडे फिरवलं आणि मागचा कोपरा कठड्याला लागून गाडी थांबली. पलीकडे काय होतं ते बाईंनी नंतर आम्हाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी गाडी टोचन करून त्यांनी आमच्या शेडसमोर आणली. सोबत दोन रोपवाले होते. घाटातल्या मेकॅनिकने मोडलेला टी काढून त्यांच्या हातात दिला होता. बाईंनी मूठ उघडली आणि तो तुकडा भावाच्या बाकावर ठेवला. म्हणाल्या, कॉलरच्या आत बघा.

भावाने चष्मा लावला. नळीची क्लिप जिथे बसते त्या कडेखाली, सहज दिसणार नाही अशा जागी, सुईने कोरलेली तारीख होती. चार वर्षांपूर्वीची. आणि बाईंच्या गाडीला टी बसवून जेमतेम सात महिने झाले होते. अक्षर भावाचं होतं. त्याचा सात आकडा वेगळा असतो, मधे आडवी रेघ मारतो. एके दिवशी पेंटचं पेन सुकलं होतं म्हणून त्याने सुईने कोरलं होतं, ते त्याला तिथल्या तिथे आठवलं. पाण्याच्या टाकीवाल्याची गाडी होती ती. तो टी त्याने स्वतः पुढे साठ हजार झाल्यावर काढला होता, धुतला होता आणि डब्यात टाकला होता.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, अक्षर तुमचं आहे. जुना काढलेला टी तुम्ही मला नवा म्हणून बसवलात."

भाऊ म्हणाला, मी सीलबंद पिशवी फोडून बसवला होता, तुमच्या समोर. बाईंनाही ते आठवत होतं. पण पिशवीत घालायला काय लागतं, असं त्यांच्यासोबतचा एकजण म्हणाला. मी पत्र्याआडून ऐकत होते, तिथून तरातरा बाहेर आले आणि त्याला नको ते बोलले. भावाने हात वर करून मला गप्प केलं. बाई जायला वळल्या आणि पुन्हा थांबल्या. त्यांनी जे सांगितलं ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. "दुसऱ्या कुणी केलं असेल तर त्याला माझ्यासमोर उभं करा. त्याने त्याच्या तोंडाने सांगितलं, तर मी मानेन आणि आमच्या अकराच्या अकरा गाड्या इथेच राहतील. पण मला गोष्टी सांगू नका. शुक्रवारी दहा वाजता येते."

त्या गेल्यावर भाऊ मोडका टी हातात घेऊन बसला. मी रागाने कपाट उघडलं आणि उस्तादांनी आणलेले उरलेले सहा टी काढून बाकावर आपटले. पिशव्या चकचकीत, वर छापील चिठ्ठी. एक पिशवी उजेडाकडे धरली. सीलची आडवी रेघ डाव्या बाजूला दोन बोटांवर तुटलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. दुसरी बघितली, तीच जागा. सहाही तशाच. ते सील मारणारं मशिन माझं होतं. सीट कव्हरांच्या पिशव्या बंद करायला मी वापरायचे, त्याची पट्टी एका ठिकाणी जळाली म्हणून नवं घेतलं, आणि जुनं उस्तादांनी मागून नेलं होतं. सुनेला साबणाच्या वड्या भरायच्या आहेत म्हणाले होते. मी वर वायर बदलून दिली होती, आणि पिशव्यांचा एक गठ्ठा फुकट.

म्हणजे बघा कसं झालं. टीवर अक्षर माझ्या भावाचं आणि पिशवीवर सील माझ्या मशिनचं. कुणाला दाखवायला जावं तर दोन्ही पुरावे आमच्याच गळ्यात. पेंटची तारीख थिनरने पुसता येते, ती उस्ताद पुसत होते. सुईची तेवढी त्यांच्या नजरेतून सुटली. डोळे अधू झालेत ना.

त्याच दुपारी आम्ही दोघं उस्तादांकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यांचा मुलगा आणि सून कामावर गेलेले. दार उस्तादांनीच उघडलं आणि भावाच्या हातातला तुकडा बघताच बाजूला झाले. मागच्या गॅलरीत छोटं टेबल होतं. त्यावर प्लास्टिकचा टब, दोन जुने दात घासायचे ब्रश, थिनरची बाटली, रबरी रिंगांचा डबा, चिठ्ठ्यांचं पान आणि माझं मशिन. सगळं ओळीने, स्वच्छ, हाताला लागेल असं मांडलेलं. मला ते बघून जास्तच चीड आली. एखादा चोर निदान गबाळा तरी असावा.

भावाने आवाज चढवला नाही. किती वर्षं, एवढंच विचारलं. उस्ताद म्हणाले, तीन. मग खुर्चीत बसले आणि बोलत राहिले. हात कामातून गेले, कुणी विचारेना, दिवसभर भिंतीकडे बघायचं. डब्यातले टी बघितले तर चांगले दिसले. त्यांनी आधी दोनच केले, बघू म्हणून. कुणाला कळलं नाही. मग सवय झाली. त्यांचं म्हणणं असं की भाऊ घाबरट आहे, फेकायच्या लायकीचे नसलेले भाग फेकतो.

"दहातले नऊ अजून दोन वर्षं सहज चालले असते," ते म्हणाले.

"आणि दहावा?" भावाने विचारलं.

त्यांनी टेबलावरचा एक ब्रश उचलून परत ओळीत ठेवला. भावाने मग सावकाश, एकेक शब्द मोजून, घाटातलं सगळं सांगितलं. बाई, चढ, कठडा. साठ हजारांचा नियम तुम्हीच शिकवलात, असंही म्हणाला. उस्ताद म्हणाले, शिकवताना माणूस सगळं बरोबरच शिकवतो. आणि मग त्यांचे डोळे भरून आले. मी इतकी चिडलेली असूनही मला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वडील गेले त्या दिवशी दारात बसलेला तोच माणूस होता तो.

भावाने त्यांच्याकडे काही मागितलं नाही, फक्त शुक्रवारी दहाला येऊन बाईंना एक वाक्य सांगा म्हणाला. पोलिसात जाणार नाही, मुलाला कळू देणार नाही, बाजारात कुठे बोलणार नाही. फक्त बाईंसमोर एक वाक्य. उस्तादांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, येतो, माझ्या तोंडाने सांगतो, तुझ्या नावाला मी डाग लागू देणार नाही. जिना उतरताना मी भावाला म्हटलं, लिहून घे. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच काही घाण बोलले. त्यांच्याकडून लिहून घेऊ? म्हणाला. शुक्रवारपर्यंत तो व्यवस्थित जेवला, बाईंच्या गाडीच्या इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उतरवलं, वाकलेलं होतं ते सरळ करायला दिलं. सगळं आपल्या पदरचं. वहिनी म्हणाली, बघा, शुक्रवारी सगळं सुरळीत होईल. मी पण हो म्हटलं.

शुक्रवारी बाई दहाला पाच कमी असताना आल्या. सोबत चार रोपवाले. भावाने स्टुलं मांडली, कुणी बसलं नाही. दहा वाजता उस्ताद स्कूटरवरून आले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. पेटी आणली नव्हती. बाईंना त्यांनी नमस्कार केला. भावाने एवढंच म्हटलं, हे माझे उस्ताद, यांना तुम्हाला काही सांगायचंय. आणि बाजूला होऊन उभा राहिला, हात पुढे बांधून, शाळेतल्या मुलासारखा.

उस्ताद भावाकडे वळले. चांगले दोन श्वास होतील इतका वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. मग जवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाईंना म्हणाले, "चुकलं माझ्या पोराचं. इतक्या वर्षांत एकदा घसरला. त्याच्या वतीने मी तुमची माफी मागतो."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. भावाने माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की चार दिवस वळ राहिले. बाई एकदा उस्तादांकडे, एकदा भावाकडे बघत होत्या. मला अजून वाटतं, त्या क्षणी भाऊ बोलला असता तर त्यांनी ऐकलं असतं. त्या थांबल्या होत्या त्याच्यासाठी.

तो बोलला नाही. त्याच्या खांद्यावरचा हात थरथरत होता आणि तो हात त्याने झटकलाही नाही.

बाई म्हणाल्या, मान्य केलंत हे बरं झालं. हेड बसवून द्या म्हणाल्या, गाडी न्यायला त्यांचा पुतण्या येईल. आणि त्या गेल्या. रोपवाले गेले. उस्ताद जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायला आले, मी मागे सरले. त्यांनी वाईट वाटून घेतल्याचा चेहरा केला आणि स्कूटरला किक मारली. केसाने गळा कापणं हे मी आयुष्यभर नुसतं बोलत आले होते. ते इतकं साधं, सकाळच्या उन्हात, नमस्कार-चमत्कार करून होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग मी भावावर तुटून पडले. का नाही बोललास, तोंडाला कुलूप लागलं होतं का, उद्या पोरांना काय सांगशील. तो ऐकत राहिला. अक्षर माझं, मशिन तुझं आणि समोर म्हातारा माणूस माफी मागतोय, आपलं कोण ऐकणार होतं, असं काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, हे खरं कारण नाही. तो स्टुलावर बसला.

"बोलायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मिरची," तो म्हणाला. "नीट डोळ्यांत बघितलं. मला वाटलं, आता सांगतात. मी मनातल्या मनात त्यांना माफसुद्धा करून टाकलं होतं." एवढं बोलून त्याने चष्मा काढला. बावन्न वर्षांचा माणूस, वडील गेले तेव्हा न रडलेला, तो माझ्यासमोर हुंदके देऊन रडला आणि मला त्याच्या पाठीवर हात ठेवायलाही सुचलं नाही.

अकरा गाड्या महिन्याभरात गेल्या. भांडून नाही, नुसत्या यायच्या बंद झाल्या. पुढच्या चौकातल्या गॅरेजात जातात आता. उस्ताद तिथे सकाळी जाऊन बसतात, खुर्ची ठेवलीय त्यांच्यासाठी, मालक त्यांना विचारून कामं करतो. भाऊ टी दुकानातून घेतो, दोन स्कूटरवाले आणि एक टाकीवाला टिकून आहेत. त्याने मला तेव्हाच बजावलं, कुणापाशी बोलायचं नाही. स्वतःला वाचवायला म्हाताऱ्याचं नाव घेतोय असं लोक म्हणतील, ते मला नको.

मागच्या आठवड्यात रोपवाल्या बाई माझ्या दुकानात आल्या. नवी ताडपत्री शिवून हवी होती. भावाची गोष्ट त्यांनीच काढली, आणि वाईट मनाने नाही काढली. त्यांच्या आवाजात मायाच होती. म्हणाल्या, "तुमच्या भावावर माझा राग नाही हो. पण एक सांगते, त्या दिवशी उस्ताद मधे पडले म्हणून तो सुटला, नाहीतर मी तक्रारच करणार होते. असा माणूस पाठीशी असायला नशीब लागतं."

पत्र्यापलीकडे भावाचा पाना चालता चालता थांबला. तो ऐकत होता. मी टेप हातात घेऊन उभी होते आणि बाई माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

मी हो म्हणाले. आयुष्यात कुणासाठी खोटं बोलले नव्हते, आणि बोलले ते त्या माणसासाठी.